इथून इथपर्यंत

सातवीच्या सहामाहीचे मराठीचे पेपर मी काल पुन्हा काढून पाहिले. मुलांना किती गुण पडले ते बघायला नव्हे. तुम्ही ते कशासाठी दिलेत ते बघायला. आता मी जे बोलणार आहे ते काहींना लागेल. लागावं म्हणूनच बोलते आहे.

अपठित उतारा मी लिहून दिला होता. प्रश्न आणि नमुना उत्तरं तुम्ही काढलीत. उतारा पुन्हा वाचते, नीट ऐका.

‘सदाने चपला दारातच काढल्या. पिशवी न बोलता खुंटीला अडकवली. चुलीपाशी बसलेल्या आईने मान वर न करता विचारलं, “किती मिळाले?” “उद्या ये म्हणालाय तो,” सदा म्हणाला. आईने परातीत काढलेल्या पिठातलं दोन मुठी पीठ पुन्हा डब्यात टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. “हातपाय धुऊन घे,” ती म्हणाली, “मी मगाशीच जेवले.”’

अवघड शब्द एकही नाही. तुमचा तिसरा प्रश्न होता, ‘आई जेवली होती का?’ तुमचं नमुना उत्तर, ‘होय, आई मगाशीच जेवली होती.’ गुण दोन. बहुतेक मुलांनी हेच लिहिलं आणि बहुतेकांना दोनपैकी दोन मिळाले. एका मुलीने लिहिलं, ‘नाही. पैसे नाही मिळाले म्हनून तिने पीठ काडून ठेवले. ती खोट बोलली.’ तिच्या ‘म्हनून’, ‘काडून’ आणि ‘खोट’भोवती लाल गोल आहेत आणि समासात शून्य आहे.

ते शून्य कोणी दिलं ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही, कारण नमुना उत्तर समोर असताना इथल्या आणखी कितीतरी जणांनी तेच दिलं असतं. पण मला सांगा, पेपर तपासायला बसण्यापूर्वी तो उतारा तुम्ही स्वतः एकदा तरी वाचला होता का? पीठ परातीत आधीच काढलेलं होतं. सदाचं उत्तर कानावर पडल्यावर त्यातलं दोन मुठी परत गेलं. आई खरंच जेवून बसली असती तर स्वतःच्या वाटणीचं पीठ तिने काढलंच कशाला असतं? सगळ्या वर्गात ज्या मुलीने उतारा खऱ्या अर्थाने वाचला, तिला आपण सांगितलं की तुझं चुकलं. ज्यांनी शेवटची ओळ जशीच्या तशी उचलली, त्यांच्या पाठीवर थाप मारली. वार्षिकला ती मुलगी काय करेल? तीही शेवटची ओळ उचलेल. हे तिला आपण शिकवलं.

तिचे दोन गुण आजच वाढवायचे. आणि वर्गासमोर तिला सांगायचं की बाळ, तुझं बरोबर होतं, तपासणाऱ्याची चूक झाली. ‘काडून’चं ‘काढून’ दिवाळीनंतर करता येईल. एकदा मोडलेली उमेद अशी दुरुस्त होत नाही.

आता सवयीकडे येते. मी तुमच्या वर्गांवरून जाते तेव्हा एक वाक्य प्रत्येक खिडकीतून ऐकू येतं : ‘पुस्तक उघडा, पेन्सिल घ्या, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथून इथपर्यंत.’ मुलं कंस करतात, बाजूला ‘प्र. १’ लिहितात आणि घरी जाऊन तेवढा तुकडा वहीत उतरवतात. वही सुंदर दिसते. पालक खूश, पर्यवेक्षक खूश. त्या मुलाला धड्यातलं काही कळलं की नाही हे मात्र त्या वहीवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चाळीस वह्या उघडल्या तर चाळीस ठिकाणी एकच उत्तर, स्वल्पविरामासकट. माणसांची चाळीस पोरं एकाच शब्दांत कधीच विचार करत नाहीत. जिथे करताना दिसतात तिथे विचार दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो. आपल्या वर्गांत तो तुम्हीसुद्धा केलेला नसतो, गाईड लिहिणाऱ्याने केलेला असतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही आकलनाचे प्रश्न विचारतो की. विचारता. विचारणं आणि शिकवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या अभ्यासक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांत बसून घड्याळ लावून पाहिलं होतं की वाचलेल्याचा अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात शिक्षकांचा वेळ किती जातो. जवळजवळ शून्य. प्रश्न विचारण्यात आणि उत्तरं तपासण्यात मात्र भरपूर जात होता. तो अभ्यास छापून आला त्याला चार दशकं उलटून गेली, पण आपल्या स्टाफरूमला तो आजही लागू पडतो. पोराला उत्तर आलं नाही की तुम्ही पुढच्या बाकावरच्याला उठवता, त्यालाही आलं नाही की हुशार मुलीला उठवता, ती सांगते आणि तुम्ही ‘बरोबर, बसा’ म्हणून पुढे सरकता. ती त्या उत्तराला कुठून पोचली हे ना ज्याला आलं नाही त्याला कळलं, ना तुम्ही तिला विचारलंत.

आपल्या बोलीत त्यासाठी एक शब्द तयार आहे : कशावरून? गावातला कोणीही माणूस बातमी ऐकली की आधी हेच विचारतो. तुमच्या वर्गात तो शब्द मला ऐकू येत नाही. बरोबर उत्तर आलं तरी विचारा, कशावरून. चुकीचं आलं तर त्याच आवाजात विचारा. आवाज बदललात की पोरं ओळखतात की चुकलं, आणि लगेच उत्तर फिरवतात.

त्याच पेपरांतलं दुसरं एक उत्तर बघा. ‘आईने “किती मिळाले?” असे का विचारले?’ बऱ्याच मुलांनी लिहिलं आहे : सदाला परीक्षेत किती गुण मिळाले ते विचारण्यासाठी. फुली. फुली योग्यच आहे, उत्तर चुकलं आहे. पण ते मूर्खपणाचं उत्तर नाही हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं? त्या मुलांच्या घरात ‘किती मिळाले’ हा प्रश्न एकाच गोष्टीबद्दल विचारला जातो. पिशवी म्हणजे त्यांना दप्तर वाटलं. उताऱ्यात न लिहिलेली जागा त्यांनी स्वतःच्या अनुभवातून भरली, म्हणजे अनुमान केलं. जे व्हायला हवं त्यातलं अर्धं झालेलं होतं. उरलेलं अर्धं असं, की केलेलं अनुमान पुढच्या ओळींवर घासून बघायचं. ते तुम्ही करवून घ्यायचं होतं. ‘बरं, गुण विचारले असं धरू. मग पुढे “उद्या ये म्हणालाय तो” आहे, हा तो कोण?’ ‘सर,’ असं एखादं पोर म्हणेल. ‘सरांना सदा “तो” म्हणेल?’ इथे वर्गात चुळबुळ सुरू होते. ‘आणि गुण कमी पडले म्हणून आई डब्यात पीठ का परत टाकेल?’ झालं. त्या प्रश्नापाशी पोरांचं पहिलं उत्तर त्यांच्याच हाताने कोसळतं. तुम्ही फुली मारून जे सांगू शकत नाही ते त्यांना पाच मिनिटांत कळतं, आणि पुन्हा विसरलं जात नाही.

त्या ‘तो’कडे जरा थांबा. पैसे थकवणाऱ्या मालकासमोर सदा अहो-जाहो करत असणार. घरात, आईशी बोलताना, तो एकेरीवर येतो. त्या एका अक्षरात त्याचा राग आहे, अनेकदा घातलेले हेलपाटे आहेत. मराठीत अशा खुणा वाक्यावाक्याला पडलेल्या असतात आणि तुम्ही त्या व्याकरणाच्या तासाला कोंडून ठेवल्या आहेत. ‘मालकाने पैसे दिले नाहीत’, ‘मालकाने पैसेही दिले नाहीत’, ‘मालकाने पैसेच दिले नाहीत’. ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, प्रत्येक वाक्याच्या आधी काय घडलं असेल. ‘ही’ आणि ‘च’ ही कोणत्या प्रकारची अव्ययं यावर तुम्ही जेवढा वेळ घालवता त्याच्या पावपट वेळात सातवीचं पोर तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी सांगेल.

मुलांना अनुमान करता येत नाही, असं माझ्यासमोर कोणी म्हणू नका. बाप दारात सायकल कशी टेकवतो यावरून आज सहलीचे पैसे मागायचे की नाही हे चौथीतलं पोर ओळखतं. भांड्यांच्या आवाजावरून आईचा राग कोणावर आहे ते त्याला कळतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाती लागला तर चोर कोण हे पान उलटण्याआधी एकमेकांना सांगण्याची अहमहमिका लागते. तेच पोर धडा उघडल्यावर दगडासारखं बसतं, कारण उत्तर नेहमी ओळीत सापडतं, ओळीपलीकडे बघितलं तर फुली मिळते, हे ते तुमच्याकडून पहिलीपासून शिकलेलं आहे.

आणि ही फक्त मराठीच्या शिक्षकांची भानगड आहे असं समजून गणिताचे सर खिडकीबाहेर बघत असतील तर त्यांनी इकडे बघावं. ‘रमाकडे १२ बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ४ ने जास्त आहेत. सलमाकडे किती?’ मी पाचवीत विचारलं. वर्ग एका सुरात ओरडला, सोळा! कशावरून? ‘बाई, “जास्त” आलंय ना, मग बेरीज.’ हे मुलांनी आपल्या मनाने शोधलेलं नाही. ‘जास्त दिसलं की मिळवा, उरले दिसलं की वजा करा’ ही युक्ती तुमच्या फळ्यावर चौकटीत लिहिलेली आहे. मुलांनी गणित वाचू नये म्हणून केलेली ती सोय आहे. ती चौकट पुसा.

आता वाचनाच्या वेगाबद्दल. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलासाठी ध्येय ठेवलं आहे की मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून. तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात मुलांची नावं आहेत, साठ, बहात्तर, अठ्ठ्याऐंशी असे आकडे आहेत, आणि ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द गळाले आहेत. अठ्ठ्याऐंशीवाल्या मुलाला मी विचारलं, काय वाचलंस? तो म्हणाला, ‘परत वाचू का?’ त्याला वाटलं मी वेग पुन्हा मोजणार आहे.

वेग नकोच असं मी म्हणत नाही. जे पोर अक्षर जुळवत वाचतं, ते वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला अर्थ विचारणं हा अन्याय आहे. त्याच्याकडून आधी अक्षर पक्कं करून घ्या, रोज, न चुकता, आणि तोवर त्याला गोष्ट ऐकवून प्रश्न विचारा. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ साली हे अगदी साध्या सूत्रात मांडलं : अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचनातलं आकलन. त्यांनी बेरीज धरलेली नाही, गुणाकार धरला आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तुम्ही एकाच बाजूचा आकडा वाढवत बसलात आणि दुसरीकडे पाहिलंही नाहीत.

पुढे याचं काय होतं? ‘असर’ या पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींवर होता. त्यात वाचता येणाऱ्यांच्या हातात ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना दिल्या आणि त्यावर चार साधे प्रश्न विचारले. किमान तीन बरोबर सांगणारे दोन तृतीयांशाच्या आसपास निघाले. उरलेल्यांनाही अक्षरं येत होती. त्यांच्या घरात एखादं बाळ जुलाबाने कोमेजलं असेल आणि पाकीट त्यांच्या हातात असेल, तेव्हा पाणी किती घ्यायचं आणि मिसळलेलं किती वेळात संपवायचं हे त्यांना नीट कळणार नाही. मला दहावीच्या निकालाची टक्केवारी सांगू नका. त्या पाकिटाचं बोला.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. पोर्शन संपत नाही. पट मोठा आहे. बीएलओचं काम, सर्वेक्षण, ॲपवर माहिती, खिचडीचा हिशेब. त्यातलं एकही खोटं नाही आणि त्यासाठी मी वर भांडते, पुढेही भांडेन. पण वर्गाचं दार लावल्यावरची ३५ मिनिटं तुमची आहेत, आणि त्यातली वीस तुम्ही उत्तरं डिक्टेट करण्यात घालवता. पोर्शन संपतो तो तुमचा. मुलांचा सुरूच झालेला नसतो.

‘पालकांना गाईडमधली उत्तरं हवी असतात’ ही तर सगळ्यांत लाजिरवाणी सबब. पालकांना मुलाचं भलं हवं असतं आणि भलं कशात आहे हे सांगायला त्यांनी तुम्हाला गुरुजी म्हटलेलं आहे. दहावीला कृतिपत्रिका आली, स्वमत आलं. बदल चांगल्या हेतूने झाला होता. मग बाजारात तयार स्वमतांची पुस्तकं आली आणि ती आपल्यातल्या काहींनी मुलांना विकत घ्यायला सांगितली. स्वमत पाठ करून येणाऱ्या मुलाला स्वतःचं मत विचारण्याचा अधिकार आपण गमावला आहे.

आणखी एक तक्रार : ‘घरी वाचनाचं वातावरण नाही.’ शून्य मिळालेल्या त्या मुलीच्या घरी पुस्तक नाही, मला माहीत आहे. पण तिच्या घरी भाकरी होते. किती पिठात किती माणसं जेवतात हे तिला डोळ्यांनी ठाऊक आहे, म्हणून दोन मुठींचा अर्थ तिला लागला. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या घरी पोळ्या करायला बाई येतात. त्याला परातीतलं पीठ परत गेल्याचं काहीच वाटलं नाही. १९८८ साली रेख्त आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा कोणाला ‘ढ’ म्हणताना जपून. आणि उताऱ्याआधी त्यातलं जग मुलांना माहीत आहे का ते बघा. समुद्राचा धडा पठारावरच्या पोरांना शिकवताना भरती-ओहोटी आधी सांगा, कोकणातल्या पोरांना दुष्काळी छावणीचा धडा देताना चारा आणि टँकर आधी सांगा. भूगोलाचा तास, विज्ञानाचा तास, परिसर अभ्यास हेसुद्धा वाचनाचेच तास आहेत. ते रद्द करून ‘भाषेचा जादा तास’ लावण्याची टूम मी यापुढे चालवून घेणार नाही.

ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप का आहे? ‘पुस्तकं हरवतात, फाटतात.’ फाटू देत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. आपल्याकडे त्याचे गठ्ठे सुतळीने बांधून पंख्याच्या खोक्यावर ठेवलेले आहेत. सुतळी सोडा, अंक वर्गात ठेवा. आणि सातवी-आठवीच्या मुलांनाही तुम्ही स्वतः वाचून दाखवा. दुसरीनंतर वाचून दाखवणं बंद करायचं हे कोणत्या शासन निर्णयात लिहिलं आहे?

तर सोमवारपासून काय बदलायचं ते सांगते. आठवड्यातून एक तास सहा-सात ओळींवर खर्च करायचा, जास्त नाही. पहिल्यांदा तुम्ही वाचायचं आणि वाचताना तुमच्या डोक्यात काय चाललं आहे ते मोठ्याने बोलायचं : ‘इथे मला प्रश्न पडला’, ‘हा “तो” कोण ते अजून कळलेलं नाही, पुढे बघते’, ‘अरे, मला वाटलं होतं तसं नाही हे.’ तुम्ही अडखळता, मागे जाता, मत बदलता हे मुलांना दिसू दे. चांगला वाचणारा एका दमात सगळं समजून घेतो असा त्यांचा समज आहे आणि म्हणून पहिल्या अडखळण्याला ती पुस्तक मिटतात. मग चौघांचे गट करायचे आणि शिक्षकाची जागा मुलांना द्यायची. एकाने झालेलं थोडक्यात सांगायचं, एकाने प्रश्न काढायचा, एकाने न कळलेलं सोडवून घ्यायचं, एकाने पुढे काय होईल ते सांगायचं. दुसऱ्या उताऱ्याला कामं बदलायची. पालिंसार आणि ब्राऊन यांनी १९८४ साली ही रीत नेमकी अशाच मुलांवर वापरून पाहिली होती, ज्यांना घडाघडा वाचता येत होतं पण समजत नव्हतं, आणि ती मुलं सुधारली. याला पैसा लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. तुमचं तोंड बंद ठेवण्याची ताकद लागते. प्रश्न विचारल्यावर थांबा. दोन क्षणांत उत्तर आलं नाही की तुम्ही स्वतःच सांगून टाकता. शांततेला इतकं घाबरू नका, पोरं तेव्हाच विचार करत असतात.

मी वर्गात येऊन मागे बसणार आहे, कळवून येणार नाही. वह्या मागवीन आणि पाच वह्यांत एकच उत्तर दिसलं तर त्या पाच मुलांना नाही, तुम्हाला बोलावीन. पुस्तकात पेन्सिलीचे कंस दिसता कामा नयेत. दुसऱ्या घटक चाचणीचा उतारा आणि प्रश्न आठ दिवस आधी माझ्या टेबलावर हवेत. चारांपैकी किमान दोन प्रश्न असे हवेत की ज्यांचं उत्तर कोणत्याही एका ओळीत सापडणार नाही, आणि अशा प्रत्येक प्रश्नाखाली तुम्हाला मान्य होतील अशी निदान तीन वेगवेगळी उत्तरं, प्रत्येकाचा उताऱ्यातला आधार दाखवून, तुमच्या स्वतःच्या अक्षरात. ज्यांच्याकडे एकच उत्तर असेल त्यांचा पेपर छापायला जाणार नाही.